कोऱ्या कागदांत एक लिहिलेला

"सखू, ही तुझी पोरगी शेवटची बाजूला कधी बसली होती?"

शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, काकीसाहेबांनी माझ्या आईला हे विचारलं. सतरंजीवर आठवीच्या सगळ्या मुली बसलेल्या. समोर खुर्च्यांवर समितीच्या चार बाया. दारात शिपाई उभा, तो पुरुष. आणि सतरंजीच्या मधोमध मी एकटी उभी.

आईला धुण्यावरून उठवून आणलं होतं. ती काकीसाहेबांच्याच घरी धुणं-भांडी करायची. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. पायांतून पाणी गळत होतं म्हणून ती सतरंजीच्या बाहेर, फरशीवर उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला आपोआप कळायचं कुठे उभं राहायचं ते.

आई म्हणाली, "आमच्यात बसत नाहीत, बाईसाहेब. एकच खोली आहे. बाजूला म्हणजे कुठे बसणार?"

मुली हसल्या. एक समितीची बाईही हसली, पदर तोंडाला लावून.

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"कळतं, बाईसाहेब. आई आहे मी."

"मग सांग."

आईने शिपायाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "आज तिसरा दिवस आहे."

आता बघा, मला वाटलं, सुटले. मतलब, ज्या गोष्टीचा माझ्यावर संशय होता, ती नाही हे सिद्धच झालं की! पण झालं उलटंच. पुढे बसलेल्या मुलींनी आपले परकर पटकन आवरून घेतले. एक तर ओरडलीच, "अगंबाई, शिवली मला!" काकीसाहेब खुर्चीतून उठल्या. त्या दिवशी शनिवारच्या वर्गांचं एक सत्र संपलं म्हणून सरस्वतीची पूजा मांडली होती ना, त्याच सतरंजीच्या टोकाला.

"हो खाली! आधी सतरंजीवरून खाली हो!"

मी उतरले. आईशेजारी जाऊन उभी राहिले, ओल्या फरशीवर. आणि मग शिपाई आणि दोन मुलींनी मिळून ती एवढी मोठी सतरंजी गुंडाळली, धुवायला टाकायला. कुणी धुतली असेल ते सांगायला नको. आईनेच.

हे झालं कशावरून, ते सांगते. जरा मागे जावं लागेल.

संस्थानाचं राज्य गेलं होतं, मध्यभारत प्रांत होऊन दोन-चार वर्षं झाली होती. महाराजांची तसबीर मात्र शाळेच्या हॉलमध्ये तशीच. माझे आजोबा सरकारी पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचे. घोडे गेले, पागा गेली, माझे वडील कापडमिलमध्ये लागले. आणि काकीसाहेबांच्या सासऱ्यांनी जमाखर्चाच्या कचेरीत मोठा हुद्दा भोगलेला. कचेरी गेली, पण त्यांचा रुबाब काही गेला नाही. आमच्या मुलींच्या शाळेच्या समितीवर त्याच अध्यक्ष. आमची फी माफ होती ती त्यांच्याच सहीने. तेव्हा शाळेत आल्या की मी वाकून नमस्कार करायचे. मनापासून करायचे, खोटं कशाला सांगू.

त्या साली एक नर्सबाई शाळेत येऊ लागल्या. हिंदी बोलायच्या, पांढरी साडी, पायात कापडी बूट. दर शनिवारी एक तास. वयात येणाऱ्या मुलींना शरीराची माहिती द्यायची, असं वरून ठरलं होतं. पाळी म्हणजे काय, ती का येते, मूल कसं राहतं, स्वच्छता कशी ठेवायची. फळ्यावर त्या पोटाचं चित्र काढायच्या आणि आम्ही माना खाली घालून फरशीवरच्या भेगा मोजायचो. पण ऐकायचो हं! कान उघडेच असायचे. मला तोवर वाटायचं की मला काहीतरी आजार आहे आणि तो आईलाही आहे म्हणून ती बोलत नाही. आजार नाही, हे मला त्या बाईंनी सांगितलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

त्यांनी एक डबा आणला होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला फट पाडलेली. म्हणाल्या, "जो पूछना है, लिखकर इसमें डालो. नाम मत लिखना. और जिसको कुछ नहीं पूछना, वो कोरा कागज डाले. डालना सबको है." कुणी विचारलं ते कुणाला कळू नये म्हणून ही युक्ती. किती हुशार बाई बघा! मी पुढे आयुष्यभर दवाखान्यात काम केलं, मोठमोठे डॉक्टर पाहिले, एवढा विचार करणारं माणूस कमीच भेटलं.

माझ्या वर्गात सुशी होती. काकीसाहेबांची पुतणी. आईवडील लहानपणीच गेलेले, काका-काकींनी वाढवलेली. शाळेत ती पुढच्या ओळीत, मी शेवटच्या. पण संध्याकाळी मी आईबरोबर त्यांच्या घरी जायचे, आई भांडी घासायची, आणि मागच्या ओट्यावर आमची दोघींची दुनिया वेगळी असायची. ती मला तिची जुनी पुस्तकं द्यायची. मी तिला वस्तीतल्या शिव्या शिकवायचे. खूप हसायची. हसता हसता खोकायची.

त्यांच्याकडे बाजूला बसायची पद्धत फार कडक. न्हाणीघराशेजारी एक खोली, त्यात एक चटई, एक घोंगडी, पाण्याचा तांब्या. चार दिवस तिथेच. ताट दारातून सरकवायचं. कुणी शिवायचं नाही, लहान पोरंसुद्धा नाहीत. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की घरात. त्यामुळे घरात कोण कधी बसली, कधी उठली, हे स्वयंपाकीणबाईपासून गड्यापर्यंत सगळ्यांना पाठ.

एकदा ती अशीच बसली होती. मी दारात ताट सरकवलं. ती भिंतीला टेकून बसली होती, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून. थंडी तेवढी नव्हती.

मला म्हणाली, "ए, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?"

"बोल की."

"मला येतच नाही. तीन महिने झाले."

"अगं मग बसून का राहिलीस?"

"नाही बसले तर काकी विचारतील, का नाही बसलीस. मग काय सांगू?"

मला हसूच आलं. बाई गं, लोक न बसता लपवतात, ही बसून लपवतेय! पण ती हसली नाही. म्हणाली, "मी काही केलेलं नाही. शपथ. पण त्यांना काय वाटेल? संध्याकाळी अंग असं गरम होतं. रात्री घाम येतो. मरणार का गं मी?"

"छट्! नर्सबाईंना विचार ना. डबा आहे."

"माझं अक्षर काकी ओळखतात. तू लिही."

मी लिहिलं. वहीचं पान फाडायचं नाही, असा आमच्या घरी नियम होता. वडील मिलमधून कापडाच्या थानावर चिकटवायची फाटकी लेबलं आणायचे, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे. त्याच लेबलावर लिहिलं, "पाळी तीन महिने आली नाही तर मुलीने कोणाला सांगावे? उपाय आहे का?" घडी घातली आणि शनिवारी डब्यात टाकलं. बाकी सगळ्यांनी कोरे कागद टाकले. एकसारखे, वहीतले, रेघांचे. आणि माझ्या कागदाच्या पाठीवर मिलचा छाप. अख्ख्या वर्गात मिलमजुराची पोर मी एकटी. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही!

नर्सबाई शनिवारच्या शनिवार डबा उघडणार होत्या. पण समितीने कळवलं की डबा आम्ही उघडू, वर्गांचा मुलींवर परिणाम काय झाला ते आम्हाला पाहायचं आहे, तसा अहवाल वर पाठवायचा आहे. म्हणून तो दिवस. म्हणून ती पूजा.

काकीसाहेब एकेक कागद उलगडत गेल्या. कोरा. कोरा. कोरा. प्रत्येक कोऱ्या कागदाला चेहरा खुलत होता. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "लिहून घ्या. मुलींच्या मनात काही शंका नाहीत." मग माझा कागद आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. मग उलटा केला, छाप पाहिला, आणि चिमटीत धरून वर केला, झुरळ धरतात तसा.

"उठ गं. ती शेवटची. मिलवाल्याची."

नर्सबाई उठल्या. म्हणाल्या, "इसके बहुत कारण होते हैं, मॅडम. बीमारी में भी बंद हो जाता है. जिसका भी सवाल है, मुझे जवाब तो देने दीजिए."

"तुम्ही बसा. तुमच्या शिकवण्याचा परिणाम आम्हाला दिसला."

बसल्या त्या बिचाऱ्या. त्यांच्याही नोकरीचा सवाल होता. आणि मग शिपायाला पाठवून माझ्या आईला बोलावलं. पुढचं सांगितलंच.

पण एक गोष्ट मी सांगितली नाही. सतरंजी गुंडाळल्यावर काकीसाहेबांनी मला विचारलं होतं, "तुझा नाही, मग हा प्रश्न कुणाचा?"

सुशी पुढेच उभी होती. पांढरीफटक. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. ती सांगणार होती. मला आजही खात्री आहे की ती सांगणार होती.

मी मानेनेच तिला म्हटलं, नको.

मला वाटलं मी मैत्री निभावतेय. चौदा वर्षांची होते. मला वाटलं, माझी अब्रू तर गेलीच आहे, तिची तरी राहू दे. आणि तिने मान खाली घातली. काकीसाहेब म्हणाल्या, "असेल यांच्या वस्तीतल्या कुणाचा तरी." आणि त्यांनी शेजारच्या बाईला पुढचं सांगितलं, तेही मला शब्दन् शब्द आठवतं. "घरंदाज मुलींकडून एकही प्रश्न आला नाही. माझ्या स्वतःच्या घरात मुलगी आहे, महिन्याच्या महिन्याला वेळेवर बसते, कुठे तक्रार नाही. अशा वर्गांनी फक्त नको त्या मुलींची जीभ सुटते. वर्ग बंद करावेत."

बस. बंद झाले. नर्सबाई पुन्हा आल्या नाहीत. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला सांगितलं की माफीनामा लिहून दिल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. "मी घाणेरडा प्रश्न विचारला, पुन्हा विचारणार नाही," असं लिहायचं. खाली माझी सही आणि आईचा अंगठा.

मी रोज म्हणायचे, उद्या लिहीन.

माघ सरता सरता सुशी पुन्हा बसली. आली नव्हती, तरी बसली. आता तर घाबरून अगदी वेळेवर बसली. चार दिवस त्या खोलीत, तापात. आणि शिवायचं नाही ना! मी ताट सरकवायचे, ते तसंच परत यायचं. घरात सात-आठ माणसं. एकाने कपाळावर हात ठेवला असता तर चटका बसला असता. माझाही हात गेला नाही. मी मोलकरणीची पोर, मी शिवले असते तरी कुणी मनावर घेतलं नसतं, पण त्या ओट्यावर यायला लागल्यापासून आईने बजावलेलं, त्यांच्या चालीरीतीत हात घालायचा नाही. मी घातला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे तिने डोक्यावरून पाणी घेतलं आणि न्हाणीघरातच पडली. डॉक्टर आले. छातीला नळी लावली. म्हणाले, किती दिवसांचं आहे हे? कुणाला माहीत नव्हतं. क्षय होता. पाळी त्यानेच थांबली होती. अंगात रक्तच उरलं नव्हतं तर येणार कुठून?

तिला हवापालटासाठी मानपूरला मामांकडे नेलं. टांग्यात गाद्या घालून बसवलं होतं. मला जवळ जाऊ दिलं नाही, आता रोग लागेल म्हणून. तिने हात हलवला की नुसता बाहेर काढला, कळलं नाही.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली होती. रस्त्यात माणूस ओळखू येत नव्हतं एवढा रंग. आई धुण्यावरून दुपारीच परत आली. दारात उभी राहून म्हणाली, "सुशी गेली गं." आणि तशीच उंबऱ्यावर बसली. बाहेर ढोल वाजत होते.

त्या दिवशी संध्याकाळी आईने मला सांगितलं. न विचारता सांगितलं. "मला ठाऊक होतं. तिचं सगळं धुणं मीच धुवायची. चार दिवस बसून उठायची आणि कापड कोरंच्या कोरं. धुण्यात कळतं गं. तो कागद त्यांनी वाचला तेव्हाच मला समजलं कुणाचा ते."

"मग बोललीस का नाही?"

"मी बोलले असते तर म्हणाले असते, मोलकरीण घरच्या मुलीवर आळ घेते. काम गेलं असतं."

मी तिच्यावर ओरडणार होते. पण कुठल्या तोंडाने? मी तरी काय केलं होतं? तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सुशीला माहीत होतं. तीन बायका. आणि ज्या नर्सला उत्तर माहीत होतं, ती त्याच हॉलमध्ये दहा हातांवर बसली होती. एक उत्तर, दहा हात. तेवढं अंतर नाही ओलांडलं गेलं.

तिचं तेरावं झाल्यावर मी शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत काकीसाहेब बसल्या होत्या, परीक्षेच्या काही कामासाठी. साध्या फिकट साडीत, एकदम म्हाताऱ्या झालेल्या. डोळे सुजलेले. मी सांगते, त्यांनी तिच्यावर माया केली होती. हिवाळ्यात स्वतःच्या हाताने डिंकाचे लाडू करून खाऊ घालायच्या. वाईट बाई असती तर मला सोपं गेलं असतं.

मोठ्या बाईंनी माफीनामा लिहूनच ठेवला होता. दौत पुढे केली. म्हणाल्या, "कर सही आणि बस परीक्षेला. हुशार आहेस."

मी म्हटलं, "काकीसाहेब, तो प्रश्न सुशीचा होता. तिनेच मला लिहायला सांगितलं होतं."

त्यांनी झटकन मान वर केली. मग त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. मेलेल्या पोरीवर?"

"तिला चार महिने आली नव्हती. ती खोटीच बसायची. तुम्ही विचाराल म्हणून."

"माझ्या घरची मुलगी होती ती! दर महिन्याला वेळेवर बसायची. साऱ्या घराने पाहिलंय!"

त्यांना खरंच तसं वाटत होतं हो. त्यांनी पाहिलं होतं ना! चटई पाहिली, तांब्या पाहिला, चार दिवस मोजले. तिच्या तोंडाकडे तेवढं पाहायचं राहिलं. आणि तोच पुरावा त्यांनी शाळेच्या अहवालातसुद्धा घातला होता.

मी दौत मागे सरकवली. "प्रश्न घाणेरडा नव्हता. त्याचं उत्तर मिळालं असतं तर ती असती. मी सही करणार नाही."

"मग शाळा सुटेल तुझी," मोठ्या बाई म्हणाल्या. रागाने नाही. सांगायचं म्हणून.

"सुटू द्या."

सुटली. आईचं कामही सुटलं. घरी दोन दिवस मार खाल्ला वडिलांचा, तिसऱ्या दिवशी त्यांनीच मिलमधून लेबलांचा एक गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. पुढचं जे शिकले ते तसंच, मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या पुस्तकातून. मोठी झाल्यावर बायकांच्या दवाखान्यात आया म्हणून लागले आणि तिथेच केस पांढरे केले. सुशीसारख्या किती आल्या ते विचारू नका. उशिरा आलेल्या. सगळ्यांच्या घरचे म्हणायचे, काही बोललीच नाही हो कधी.

मला माफी मागायची आहे ती सुशीची. त्या मानेने 'नको' म्हटल्याची. ती मागायला माणूस उरलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता मी राजेंद्रनगरला मुलाकडे असते. परवा इथल्या एका शाळेतून दोन बाया आल्या. चांगल्या होत्या, तरण्या, आजी आजी करणाऱ्या. मुलींना शरीराची माहिती देणारे वर्ग झाले, आता त्यांचं मूल्यमापन आहे, आणि कागदावर भागातल्या एका जाणत्या बाईची सही लागते. मी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. फॉर्म वाचला. मुलींना लाभ झाला, हो. पालकांची तक्रार, नाही. मुलींनी विचारलेले प्रश्न, शून्य. त्यापुढे शेरा, अति उत्तम.

मी विचारलं, "एकही नाही?"

"नाही आजी. सगळं समजलं त्यांना. फार सभ्य मुली आहेत."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मग हा वर्ग नापास आहे, बेटा."

त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या. एक म्हणाली, "आजी, आज पाठवायचंय वर. तुमची सही नसेल तर सगळं अडेल."

"अडू दे. या शून्यावर मी सही करत नाही. तुम्ही दोघी बाहेर जा, शिपायालाही घेऊन जा आणि दार ओढून घ्या. पोरींना एकेकीला आत पाठवा. नाव विचारणार नाही मी. शेवटची पोर बोलून जाईपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही. उद्या पुन्हा येईन. परवाही येईन. तुमचा कागद जाईल तेव्हा जाईल."